बाबांच्या गाठीतलं म्युटेशन आमच्या रक्तात आहे का?

मागच्या अंकात छातीतल्या जळजळीवर चार ओळी लिहिल्या आणि या महिन्यात टपाल तिप्पट आलं. निम्म्या पाकिटांत पित्ताच्या तक्रारी, निम्म्यांत बायोप्सीच्या आणि जनुक-तपासणीच्या अहवालांच्या झेरॉक्स. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशंटला न भेटणारी डॉक्टर. चौतीस वर्षं माणसांचे तुकडे पाहिले, चेहरे क्वचितच. ते आता निवृत्तीनंतर या पत्रांमधून दिसतात, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत. पत्रांतली नावं काढून टाकली आहेत, गावं तेवढी राहू दिली.

आदरणीय डॉक्टर मॅडम, माझे बाबा ६१ वर्षांचे, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. तंबाखू नाही, दारू नाही. पोट सुटलेलं, आणि वीस वर्षं पित्ताची गोळी. दिवाळीनंतर भाकरी छातीत अडकायला लागली. दुर्बिणीने तपासलं तर अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे गाठ निघाली. अहवालात 'अॅडिनोकार्सिनोमा, सीवर्ट टाइप २' आणि 'हर-टू २+' असं आहे. पसरलेलं नाही, ऑपरेशन होईल म्हणतात. मग सोळा पानांचा जनुक-अहवाल आला, त्यात लाल अक्षरात 'टीपी५३ म्युटेशन'. आत्या म्हणते, 'हे घराण्यातलं आहे, धाकटीचं लग्न ठरेपर्यंत बाहेर बोलू नका.' आम्हा दोघी बहिणींच्या रक्तात हे आहे का? (कराड)

बहुतेक नाही. हा शब्द आधी लिहिते, कारण सोळा पानं वाचून तुम्ही आठवडाभर झोपला नसाल.

म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, दोन जातींचं असतं. एक आई किंवा वडिलांकडून येतं. ते शरीराच्या प्रत्येक पेशीत असतं आणि पुढच्या पिढीत निम्म्या शक्यतेने उतरतं. दुसरं जन्मानंतर, आयुष्यात केव्हातरी, एखाद्या पेशीत घडतं आणि त्या पेशीच्या वंशातच राहतं. बाबांच्या अहवालासाठी तपासला गेला तो गाठीचा तुकडा. रक्त नव्हे. तुमच्या झेरॉक्सवर पहिल्याच पानावर 'नमुना : पॅराफिन ब्लॉक' (म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) असं छापलेलं आहे, पण ते बारीक अक्षरात आणि म्युटेशन लाल अक्षरात. असे अहवाल कोण आखतं कोण जाणे, घरात ते कोणी वाचणार आहे याचा विचार झालेला नसतो.

टीपी५३ मधला बदल बाबांच्या अॅडिनोकार्सिनोमा जातीच्या, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींच्या, दहा गाठींतल्या सात किंवा त्याहून जास्त गाठींमध्ये सापडतो. अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या दुसऱ्या जातीत, स्क्वॅमसमध्ये, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, दहातल्या नऊ गाठींमध्ये. म्हणजे तो सापडला यात नवल नाही, न सापडता तर मी चष्मा पुसला असता. या जनुकापासून बनणारं पी५३ हे प्रथिन १९७९ साली माहीत झालं. त्याचं काम तुम्हाला मी बाबांच्याच भाषेत सांगते. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. पेशीच्या डीएनएला इजा झाली की पी५३ एक घंटी देतं: गाडी थांबव, दुरुस्ती कर, जमत नसेल तर गाडी आगारात लाव. म्हणजे पेशीने मरावं. वाहकच खाली उतरला तर गाडी पुढे जात राहते, दार उघडं असो की चाक पंक्चर असो.

या गाठींमध्ये वाहक उतरल्यावर जे होतं ते चमत्कारिक आहे. पुष्कळदा पेशी आपल्या ४६ गुणसूत्रांचा अख्खा संच दुप्पट करून बसते आणि मग त्यातले तुकडे हरवते, काही तुकड्यांच्या दहा-वीस प्रती काढते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या केंद्रकांचा ओबडधोबडपणा आम्ही शंभर वर्षं पाहत आलो, नाव देता येत नव्हतं इतकंच. २०१७ साली अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अॅटलास या प्रकल्पाने अन्ननलिकेच्या १६४ गाठी जठराच्या गाठींशेजारी ठेवून तपासल्या. खालच्या टोकाचे अॅडिनोकार्सिनोमा हे गुणसूत्रांची अशीच मोडतोड झालेल्या जठराच्या कॅन्सरसारखे निघाले. वरच्या स्क्वॅमस गाठी मात्र तोंडा-घशाच्या कॅन्सरच्या बहिणी निघाल्या. एकाच पंचवीस सेंटिमीटरच्या नळीतले हे दोन आजार एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

सांध्यावरची गाठ अन्ननलिकेची की जठराची, हा सर्जन मंडळींमधला जुना सीमातंटा. म्युनिकच्या सीवर्ट यांनी १९८७ मध्ये तीन पट्टे आखून तो थोडा शांत केला. तुमच्या अहवालातला 'टाइप २' तोच, अगदी सीमेवरचा. जनुकांनी पाहिलं तर टाइप २ च्या अलीकडे-पलीकडे फारसं काही बदलत नाही.

आता आनुवंशिक टीपी५३. तो असतो, पण फार थोड्या घरांत, आणि त्या घरांचा इतिहास वेगळा दिसतो: लहान मुलांत हाडाचा, मेंदूचा किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा कॅन्सर, तिशीत स्तनाचा कॅन्सर. तुम्ही पत्रासोबत तीन पिढ्यांचा कागद जोडलात (असं करणाऱ्या तुम्ही पहिल्याच, शाब्बास). त्यात आजोबांचा पक्षाघात आहे, आजीचा मधुमेह आहे, असलं काही नाही. एवढ्यावर माझा तरी रक्त तपासायचा आग्रह नसता. मनाची रुखरुख जात नसेल तर आनुवंशिकतेचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांकडे हाच कागद घेऊन जा. गरज वाटली तर ते बाबांचं रक्त तपासायला सांगतील, तुमचं नव्हे. लग्नाच्या घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण 'आमच्यात म्युटेशन आहे' म्हणून लपवायचं असेल, तर जे लपवायचं ते बहुधा नाहीच आहे.

तुम्ही विचारलं नाहीत ते आता मी सांगते, कारण सोळा पानांपेक्षा ते महत्त्वाचं आहे. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं, वाढीचा इशारा देणारं प्रथिन. 'हर-टू २+' हा निकाल अर्धवट असतो. शून्य आणि १+ म्हणजे नाही, ३+ म्हणजे आहे, २+ म्हणजे 'फिश' नावाची पुढची तपासणी करून हर-टू जनुकाच्या प्रती मोजा. तुमच्या कागदांत फिशचा निकाल नाही. तो मागा. सांध्याच्या गाठींमध्ये साधारण तिघांत एक हर-टू पॉझिटिव्ह निघते, जठराच्या बाकीच्या भागांत पाचांत एक. २०१० साली ५९४ पेशंटांवरच्या टोगा चाचणीत आजार पसरलेल्यांना केमोबरोबर ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध दिलं तेव्हा मध्यम आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ वर गेलं. आकडा लहान दिसतो, पण हर-टू ठळक असलेल्यांत तो १६ महिन्यांपर्यंत होता. भारतात बनलेल्या जैव-समान औषधांमुळे आज ते पूर्वीइतकं आवाक्याबाहेर नाही. बाबांना आत्ता लागणार नाही, कारण आजार पसरलेला नाही. पण निकाल फायलीत असू द्या.

इथे माझी एक चूक सांगायची राहू नये. हर-टू तपासायला लागून आम्हाला वर्ष-दोन वर्षंच झाली होती. स्तनाच्या गाठीत हर-टू दाखवणारा तपकिरी रंग पेशीभोवती पूर्ण कडं करतो. जठराच्या गाठीत तो बाजूंना आणि तळाला लागतो, वरचा काठ कोरा. डोळा अजून बसला नव्हता. एका शेतकऱ्याचे तांदळाच्या कणीएवढे दोनच तुकडे आले होते. मी 'निगेटिव्ह' लिहिलं. खाली 'तुकडे अपुरे आहेत' अशी ओळ हवी होती, ती लिहिली नाही. चार महिन्यांनी अख्खी गाठ ऑपरेशन होऊन माझ्याच टेबलावर आली. तिचा एक कोपरा तपकिरी रंगात न्हालेला, बाकीचा भाग कोरा. जठराच्या गाठी अशाच ठिगळाठिगळांच्या असतात, म्हणून सहा-आठ तुकडे घ्यावे लागतात. मी सुधारित अहवाल पाठवला. त्या माणसाला फार नुकसान झालं नाही, पण ते माझ्या हुशारीमुळे नव्हे.

आणि ऑपरेशनच्या आधी काय द्यायचं, हेही पेशीची जातच ठरवते. २०१२ च्या डच क्रॉस चाचणीपासून आधी केमो आणि रेडिएशन, मग ऑपरेशन अशी रीत पडली होती. जर्मनीच्या एसोपेक चाचणीने २०२४ मध्ये फक्त अॅडिनोकार्सिनोमाचे ४३८ पेशंट घेऊन तुलना केली: ऑपरेशनच्या आधी चार आणि नंतर चार वेळा 'फ्लॉट' ही चार औषधांची केमो, की क्रॉसची पद्धत. मध्यम आयुर्मान ६६ महिने विरुद्ध ३७. बाबांना फ्लॉट झेपेल का, हा प्रश्न डॉक्टरांना विचाराच. फ्लॉट सोपी नाही. वजन, रक्त, हृदय पाहून ठरवतात.

कुठेतरी वाचलं की तळहात-तळपायाची कातडी जाड असणाऱ्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर होतो. चाळीस वर्षं कापूस वेचून, अनवाणी चालून माझे तळवे दगडासारखे झाले आहेत. (यवतमाळ)

तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण ते तुमचं नाही. १९५८ साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या दोन कुटुंबांत ही जोडी नोंदली गेली आणि २०१२ मध्ये आरएचबीडीएफ२ हे त्यामागचं जनुक सापडलं. जगात मोजकीच कुटुंबं आहेत, आणि त्यांच्यात कातडी लहानपणापासून जाड होते, पिढ्यान् पिढ्या. तुम्ही चाळीस वर्षं कापूस वेचलात, अनवाणी चाललात. तळव्यांना व्हॅसलीन लावा.

ताई, आई ५८ वर्षांची. अन्ननलिकेच्या मधल्या भागात 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा'. केमो आणि लाइट (रेडिएशन) चालू होणार. आमच्या गावातल्या एकाच्या वडिलांची जनुक-तपासणी झाली, आईची लिहूनही दिली नाही. आम्ही योजनेतून उपचार घेतो म्हणून टाळली का? आई लग्नाआधीपासून मिश्री लावते. (जत, जि. सांगली)

टाळली नाही. तुमच्या डॉक्टरांनी तुमचे पैसे वाचवले.

आईच्या गाठीची तपासणी केली असती तर काय आलं असतं ते मी न बघता सांगू शकते. टीपी५३ बदललेलं. सायक्लिन डी१ नावाच्या जनुकाच्या बहुधा जास्तीच्या प्रती. एसओएक्स२, टीपी६३ यांच्याही असू शकतात. नॉच१ मध्येही कदाचित बिघाड. कागद भरला असता, आणि त्यातल्या एकाही ओळीवर आज आईला द्यायचं औषध बदललं नसतं. ज्या तपासणीने उपचार ठरला ती गुलाबी-जांभळ्या रंगाची साधी स्लाइड, तिला काही शे रुपये लागतात. तिने सांगितलं 'स्क्वॅमस', आणि तेवढं पुरे होतं. क्रॉस चाचणीत केमो-रेडिएशननंतर ऑपरेशन केलं तेव्हा स्क्वॅमस गाठींपैकी ४९ टक्क्यांत एकही जिवंत कॅन्सर-पेशी उरलेली नव्हती. अॅडिनोकार्सिनोमात हेच प्रमाण २३ टक्के. कराडच्या ताईंच्या बाबांसाठी जी पद्धत मागे पडली, तीच तुमच्या आईसाठी उत्तम आहे. शेजाऱ्याच्या कागदाशी आपला कागद ताडून पाहू नका. गाठ एकाच नळीत असली तरी तो दुसरा आजार आहे.

पुढे कधी आजार पसरला, तर 'पीडी-एल१' नावाची तपासणी सांगतील. ती जनुकाची नसते, स्लाइडवर रंग देऊनच करतात, आणि इम्युनोथेरपीचा फायदा होईल का याचा अंदाज देते. तेव्हा विचारा, आत्ता नाही.

नॉच१ चं नाव घेतलं म्हणून एक गोष्ट सांगते. ती मला स्वतःला इतकी आवडली की २०१८ मध्ये वाचल्यावर मी डबा खायला विसरले. केंब्रिजजवळच्या संशोधकांनी नऊ माणसांच्या अगदी निरोगी अन्ननलिका घेतल्या, वयं विशीपासून पंच्याहत्तरीपर्यंत, आणि त्यांचे टिचभर तुकडे ओळीने तपासले. मध्यमवयीन माणसाच्या निरोगी अन्ननलिकेचा ३० ते ८० टक्के भाग नॉच१ बदललेल्या पेशींनी व्यापलेला निघाला. डाग नाही, गाठ नाही, तक्रार नाही. गंमत अशी की कॅन्सरच्या गाठींत हा बदल त्याहून कमी सापडतो. टीपी५३ चं उलट: निरोगी अस्तरात तो तुरळक, कॅन्सरमध्ये जवळपास सगळीकडे. म्हणजे म्युटेशन झालेल्या पेशी आपल्या सगळ्यांच्या घशाखाली, पावसाळ्यात भिंतीवर शेवाळाची ठिगळं असतात तशा, नांदत असतात, आणि काही तर कदाचित वाईट पेशींची जागा अडवून आपला फायदाच करतात. तेव्हापासून कुणी 'म्युटेशन सापडलं' म्हणालं की मी आधी विचारते: कुठलं, आणि कुठे?

मिश्रीबद्दल आता. माझी आजी तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि त्या धुराने आम्हा नातवंडांना ठसका लागायचा. तर्जनीने हिरड्यांवर फिरवायची, मग तासभर गप्प बसायची. ते दात घासणं नव्हतं, तिचा निवांत वेळ होता तो. म्हणून मिश्री लावणाऱ्या बायकांवर मला ओरडता येत नाही. पण ती तंबाखूच आहे, आणि तिच्यातला काही भाग गिळला जातोच. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, मिश्री मात्र चालूच राहिली. ती बरीचशी घरोघरी तव्यावर होते. आईच्या अन्ननलिकेला रेडिएशन चालू असताना मिश्री बंद झालीच पाहिजे. एकदम जमत नसेल तर रेडिएशनच्या डॉक्टरांना तसं सांगा, लपवू नका. तंबाखू सोडायला औषधं असतात. आणि घरातल्या सुनेने आत्ताच सुरू केली असेल, तर हे पत्र तिला वाचायला द्या.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला असतो, मूळ ठाण्याचा. वय ५२. वर्षानुवर्षांची जळजळ, एन्डोस्कोपीत 'बॅरेट्स' निघालं, म्हणजे मी कॅन्सरच्या उंबरठ्यावर. इथे मला दोऱ्याला बांधलेली स्पंजची कॅप्सूल गिळायला सांगितली. तिच्यापेक्षा जनुक-तपासणी करून टाकली तर एकदाच काय तो सोक्षमोक्ष लागणार नाही का?

नाही लागणार, आणि का नाही ते छान आहे.

बॅरेट म्हणजे लंडनचे सर्जन नॉर्मन बॅरेट, त्यांनी १९५० साली यावर लिहिलं. अॅसिडने वर्षानुवर्षं भाजलेलं अन्ननलिकेचं खालचं अस्तर स्वतःचा वेष बदलतं आणि आतड्यासारखं होतं. डेन्मार्कमध्ये अशा ११,०२८ लोकांचा मागोवा घेतला तेव्हा वर्षाला ०.१२ टक्क्यांना अॅडिनोकार्सिनोमा झाला. वर्षाला हजारांत एखादा. तुम्ही 'कॅन्सरच्या उंबरठ्यावर' असं लिहिलंय. तो उंबरठा फार रुंद आहे.

आता जनुकं. केंब्रिजच्या रिबेका फिट्झजेराल्ड यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की कॅन्सरमध्ये सापडणारे बहुतेक बदल वर्षानुवर्षं निरुपद्रवी राहिलेल्या बॅरेट्समध्येही असतात. मोठी यादी तपासली तर तुमच्यात काहीतरी निघणारच, आणि तुम्ही लीड्सहून मला दर आठवड्याला मेल कराल. सीमा दाखवणारं मुख्य जनुक निघालं टीपी५३: ते बदललेलं दिसलं की अस्तर बिघडायला लागलेलं असतं. एसएमएडी४ हे दुसरं जनुक तर फक्त कॅन्सर झाल्यावर बदललेलं सापडतं. तुमची कॅप्सूलही याच गटाची. जठरात पाच-सात मिनिटांत ती विरघळते, आतला स्पंज फुलतो, दोरा ओढला की वर येताना संपूर्ण अस्तराच्या पेशी खरवडून आणतो. मग प्रयोगशाळेत त्या पेशींवर काय पाहतात? त्यांची ठेवण, आणि पी५३ चा डाग. ज्या एका जनुकाचं उत्तर कामाचं आहे ते तुम्हाला दोऱ्याच्या टोकाला मिळतंय. गिळा. ओढताना पाच सेकंद वाईट वाटतं म्हणतात. बिघाड दिसला तर तेवढंच अस्तर उष्णतेने जाळून काढता येतं.

पोटाचा घेर कमी करा, रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. आईकडून येणारं लोणचं बंद करायला सांगत नाही.

चहामुळे अन्ननलिकेचा कॅन्सर होतो हे खरं का? आम्ही दिवसाला सहा कप घेतो. (नाशिक)

चहामुळे नाही, चटक्यामुळे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेयांना 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं. इराणच्या गोलेस्तान भागात आणि आपल्या काश्मीरमध्ये कढत चहाची रीत आहे आणि स्क्वॅमस कॅन्सरही जास्त आहे. यात एक कोडं आहे. तंबाखूचा धूर, ऊन, दारू हे डीएनएवर आपापली अंगठ्याची निशाणी सोडतात. २०२१ मध्ये इराण, चीन, केनियासह आठ देशांतल्या ५५२ गाठींचे संपूर्ण जीनोम वाचले गेले, आणि गरम पेयांची अशी कुठलीच निशाणी सापडली नाही. जिथे हा कॅन्सर खूप आणि जिथे थोडा, दोन्हीकडच्या खुणा जवळपास सारख्याच. तेव्हा चटका बहुधा नवीन म्युटेशन घडवत नसावा. अस्तर पुन्हा पुन्हा भरून येताना आधीच बिघडलेल्या पेशींना वाढायला वाव मिळत असावा. हा शेवटचा भाग माझा अंदाज आहे.

आमचे हे चाळीस वर्षं बशीत ओतून पितात, फुर्र आवाज करून. मी चाळीस वर्षं चिडले. आता गप्प बसते.

माझी आत्या ४१ व्या वर्षी जठराच्या कॅन्सरने गेली, चुलतभाऊ ३६ व्या वर्षी त्यानेच. आत्याच्या मुलीला आता स्तनाचा कॅन्सर निघाला, 'लोब्युलर' म्हणतात. आम्हाला कुणी काही तपासायला सांगितलेलं नाही. वडील ६६ चे, ठणठणीत. मी ३३ वर्षांची आहे. (फोंडा, गोवा)

या महिन्याच्या पत्रांतलं हे एकच पत्र वाचून मी लगेच उत्तर लिहिलं आणि संपादकांकडून तुमचा पत्ता घेऊन वेगळं पाठवलं. इथे छापते कारण आणखी कुणाच्या घरी असं असेल.

कराडला जे नाही ते तुमच्याकडे असू शकतं. तरुणपणी जठराचा कॅन्सर, दोन पिढ्यांत, आणि त्याच घरात लोब्युलर जातीचा स्तनाचा कॅन्सर. ही जोडी दिसली की सीडीएच१ या जनुकाची शंका घ्यायची. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा ई-कॅडहेरिन नावाचा डिंक हे जनुक बनवतं. डिंक गेला की पेशी सुट्या होऊन जठराच्या भिंतीत एकेक करून झिरपतात. गाठ अशी होतच नाही, त्यामुळे दुर्बिणीलाही सुरुवातीला चकवतात. मी स्वतः अशा स्लाइडवर दोन पेशी शोधायला अख्खी दुपार घालवली आहे.

हे जनुक सापडलं ते न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबामुळे. त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या तरुण माणसं पोटाच्या कॅन्सरने जात होती. लोक शाप वगैरे म्हणत. कुटुंबातल्यांनी स्वतःच वंशावळ मांडली, ओटागो विद्यापीठाच्या पॅरी गिलफर्ड यांच्याकडे गेले, आणि १९९८ मध्ये कारण हातात आलं. त्यानंतर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी जठर आधीच काढून टाकलं आणि जगले. जठराशिवाय माणूस जगतो: थोडं थोडं, पुष्कळदा खातो, बी१२ ची इंजेक्शनं घेतो.

वडील ठणठणीत आहेत यावर विसंबू नका. हा बदल असलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असं नाही. सुरुवातीला धोका सत्तर टक्क्यांच्या आसपास मानत, अलीकडचे अंदाज त्याहून बरेच खाली आले आहेत. त्यामुळे वडिलांच्या रक्तात हा बदल असू शकतो, किंवा मुळीच नसेल. सुरुवात तुमच्या रक्तापासून करू नका. आत्याच्या मुलीपासून करा, तिला आजार झालेला आहे. तिच्या रक्तात काही सापडलं तर तोच नेमका बदल वडिलांत पाहायचा, त्यांच्यात असेल तरच तुमच्यात. तिच्यात काहीच सापडलं नाही तरी फाइल बंद करू नका, अशा पुष्कळ घरांत सीडीएच१ निर्दोष निघतं. सीटीएनएनए१ नावाचं आणखी एक जनुक आहे, तेही पाहतात. आणि चुलतभावाचा ब्लॉक ज्या प्रयोगशाळेत असेल तिथे आजच अर्ज द्या. त्याचा कॅन्सर 'डिफ्यूझ', म्हणजे विखुरलेल्या सुट्या पेशींच्या, जातीचा होता का, हे जुन्या अहवालात एका शब्दात लिहिलेलं असेल. तो शब्द मला कळवा.

जाता जाता टपालाबद्दल. कृपया पॅराफिनचे ब्लॉक या पत्त्यावर पाठवू नका, झेरॉक्स पुरते. मे महिन्यात एका वाचकाने आपल्या सासऱ्यांचा ब्लॉक पाकिटात घालून कुरिअरने पाठवला. तो मऊ पडून आतल्या पत्राला चिकटला, आणि संपादकांनी ती कुठल्यातरी देवळातली मेणबत्ती समजून दोन दिवस टेबलावर ठेवली होती. ब्लॉक मी सुखरूप परत पाठवला आहे. मिळाल्याचं त्यांनी अजून कळवलेलं नाही.